चिखल आधी काढा, तार नंतर

प्रश्न : आमची वस्ती दिंडोरी तालुक्यात, मळ्यात आहे. वस्तीवरून शाळेत आणि डांबरी रस्त्याला जायला एकच वाट आहे, सातशे मीटरची. आजेसासऱ्यांच्या काळापासून हीच वहिवाट. ओहळाच्या अलीकडे साठेक मीटर काळी जमीन आहे, तिथे आषाढापासून दिवाळीपर्यंत पोटरीभर चिखल असतो. पोरं चपला हातात घेऊन शाळेत जातात. दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून सहा ट्रॉल्या मुरूम टाकला, तो एका पावसाळ्यात नाहीसा झाला. लोक चिखल चुकवत शेजारच्या द्राक्षबागेच्या कडेने चालायला लागले, तेव्हा बागवाल्यांनी दसऱ्यानंतर काटेरी तार ठोकली. आता जेमतेम चार फूट वाट उरली आहे. वैरणीचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईचा पदर तारेला अडकतो, ट्रॅक्टर तर जातच नाही. त्यात वाट पुढे डोंगराकडे निघते म्हणून रविवारी नाशिकहून लोक फिरायला येतात, गाड्या वाटेच्या तोंडाशी लावतात आणि फाटक उघडं टाकून जातात. कुणी म्हणतं तहसीलला अर्ज करा, कुणी म्हणतं तार तोडून टाका. काय करावं? – शाळा व्यवस्थापन समितीच्या एक सदस्य

उत्तर : ताई, तार तोडू नका. वाट तुमच्या हक्काची असली तरी तार आणि खांब त्यांच्या मालकीचे आहेत. पक्कड लावलीत की नुकसानीची फिर्याद तुमच्यावर होईल आणि अडवणुकीचा मूळ विषय बाजूला पडेल. मात्र तार कोणत्या दिवशी ठोकली ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा. ती का लागते, ते पुढे येईल.

तुमच्या पत्रातला क्रम नीट वाचलात तर निम्मं उत्तर त्यातच आहे. आधी चिखल झाला, मग लोक बागेच्या कडेने चालू लागले, मग तार आली. शिवारातल्या बहुतेक वाटा अशाच अरुंद होतात. पाणी साचतं, माणूस कोरडी जागा शोधत बाजूला सरकतो, ज्याचं शेत तुडवलं जातं तो कुंपण घालतो आणि भांडण कुंपणावर सुरू होतं. चिखल तसाच ठेवून नुसती तार हटवलीत तर पुढच्या श्रावणात लोक पुन्हा बागेत शिरतील. म्हणून दोन्ही कामं बरोबर सुरू करा, पण हात आधी चिखलाला घाला.

मुरूम कुठे गेला? वाहून गेला नाही, खाली गेला. काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. तिच्यावर सुटा मुरूम टाकला की पावलागणिक आणि चाकागणिक तो खाली दबतो आणि गारा, म्हणजे पातळ चिखल, वर येतो. सहाच्या जागी सोळा ट्रॉल्या टाकल्या असत्या तरी आणखी एखादा पावसाळा निघाला असता, इतकंच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चिखलाचा टप्पा फूट-दीड फूट खोदून त्यात दगड भरायचा. सपाट काळ्या रानात असा खड्डा म्हणजे हौद होतो. चारही बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि दगड तरंगल्यासारखे हलायला लागतात. काळ्या जमिनीतली वाट आजूबाजूच्या रानापेक्षा वीतभर उंच हवी.

सगळ्यात आधी पाणी कुठून येतं ते शोधा. एक साधी परीक्षा आहे. मार्च-एप्रिलमध्येही त्या टप्प्यात ओल असेल तर तो पावसाचा दोष नाही, वाटेखालून गेलेली कुणाची तरी पाइपलाइन गळते आहे किंवा वरच्या शेताचं पाटाचं पाणी फुटतं आहे. पीव्हीसी पाइप वीतभर खोलीवर टाकलेला असतो आणि ट्रॅक्टरखाली त्याचा जोड सुटतो. वाट ओलांडणारा प्रत्येक पाइप किमान दोन फूट खोल हवा आणि जाड पाइपाच्या आवरणातून न्यायला हवा, म्हणजे पुढे तो बदलायचा झाला तरी वाट उकरावी लागणार नाही. गळती काढल्याशिवाय दगडाची एक पाटीही टाकू नका.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा चर. वरची रुंदी दीड फूट, तळाची एक फूट आणि खोली एक फूट, एवढा चर बहुतेक ठिकाणी पुरतो. त्याला शंभर फुटांत निदान सहा इंच तरी उतार द्या. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी घेतो तशी घ्या. चर संपतो कुठे, यावर निम्मं काम अवलंबून आहे. तो ओहळातच संपला पाहिजे. बागेत किंवा खालच्या कांद्याच्या वाफ्यात सोडलात तर पाणी साचून द्राक्षाची पांढरी मुळी सडते, आणि मग तार ठोकणाऱ्याचं बरोबर ठरतं. चराची माती काढून वाटेवर टाकायचा मोह होतो. ती काळी माती आहे, शेतकऱ्यांना देऊन टाका, आनंदाने नेतील.

चर झाल्यावर वाटेवरचा नुसता सैल गारा, चारेक इंच, खरवडून काढा. उरलेल्या जमिनीला मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरती अशी पाठ द्या. अडीच मीटर रुंदीच्या वाटेला मध्यभाग कडेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर उंच असला की पाणी थांबत नाही. त्यावर सात-आठ सेंटिमीटर मुरुमाची गादी घाला. हा थर काळ्या मातीला वरच्या दगडांच्या फटीतून वर येऊ देत नाही. लोक खर्च वाचवायला नेमका हाच थर वगळतात. गादीवर १५ सेंटिमीटर सोलिंग, म्हणजे हाताने रचलेल्या दगडांचा थर, करा. आधी दोन्ही कडांना मोठे दगड उभे गाडून घ्या, नाहीतर मधले दगड कडेकडे सरकतात. मग आतले दगड हाताने लावा, रुंद बूड खाली आणि निमुळतं टोक वर, एकमेकांना खेटून. ट्रॉली उलटी करून पसरलेला दगड म्हणजे सोलिंग नव्हे. फटींमध्ये चिपा हातोडीने ठोकून बसवा, भरलेली ट्रॉली चार-सहा वेळा फिरवून जो दगड हलेल तो पुन्हा बसवा आणि मगच वर १० सेंटिमीटर मुरूम घाला.

माल किती लागेल? ६० मीटर लांबी आणि २.५ मीटर रुंदी धरली तर सोलिंगचा दगड साडेबावीस घनमीटर, म्हणजे आठ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तूट धरून नऊ सांगा. मुरूम गादीला सव्वाअकरा, वरच्या थराला १५ आणि दगडाच्या फटींना सहा, असा सव्वाबत्तीस घनमीटर दाबलेला लागतो. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून तो चाळीसच्या आसपास मागवावा लागेल, म्हणजे १४ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल येतो, तेव्हा एकूण तेवीस खेपा. दोन वर्षांपूर्वीच्या सहा ट्रॉल्या का पुरल्या नाहीत, ते या आकड्यांवरूनही दिसेल. मुरूम आणि दगड गौण खनिजात येतात. वाहतुकीचा परवाना कुणाच्या नावाने आहे ते खेप सुरू होण्याआधी बघा, नाहीतर ट्रॉली अडली की वर्गणीचे पैसे दंडात जातात.

मुरूम घेताना मूठभर भिजवून दाबून बघा. मुठीचा गोळा टिकला आणि हाताला खडे टोचले तर घ्या. तळहाताला चिकटून राहिला तर त्यात माती जास्त आहे, आणि गोळाच झाला नाही तर तो बांधून राहणार नाही. तळ्यातला गाळ फुकट मिळतो म्हणून कुणी तो वाटेवर टाकायला सुचवील, त्याला हात जोडा. मुरूम पसरल्यावर पाणी शिंपडून ओलसर करायचा, पण रबडी होऊ द्यायची नाही. कोरडा दाबला जात नाही आणि फार ओला चाकाला चिकटून उखडतो. छोटा रोलर मिळाला तर उत्तम, नाहीतर भरलेली ट्रॉली आणि कडांना धुमस.

काम कधी करायचं? द्राक्षाच्या गावात वर्षाचं वेळापत्रक बागेचं असतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचं फवारणी यंत्र, दिवसाआड वाटेवरून जातो. जमीन ओली असताना त्याची चाकं फिरली की चाकोरी पडते आणि चाकोरीचाच ओढा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो, तेव्हा वाट बंद ठेवता येत नाही. म्हणून तुमच्यासाठी काढणी संपल्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ उरतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात टाकलेला मुरूम बसायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर लागेल, तो हिशेबात धरा. या पावसाळ्याआधी पैसे जमलेच नाहीत तर निदान चर तरी काढा. नुसत्या चरानेही चिखल बराच ओसरतो.

ओहळावर नळी टाकायची असेल तर फूटभर व्यासाची नको. उसाचं पाचट आणि मल्चिंगचा कागद एका पुरात तिचं तोंड बंद करतो आणि पाणी वाट फोडून जातं. नळी घालायचीच तर ६० सेंटिमीटरच्या आतली नको, तिच्यावर दीड फूट भराव हवा आणि बाहेरच्या तोंडाशी दगडाची फरसबंदी हवी, नाहीतर पडणाऱ्या पाण्याने तिथे डोह होतो. त्याहून बरी फरशी, म्हणजे ओहळाच्या तळालाच दगड बसवून केलेला पसरट उतार. पुराचे दोन तास पाणी वरून जातं, पण तुंबत काही नाही. मात्र वाट शाळेची आहे. पाणी घोट्याच्या वर असताना पोरांनी ओलांडायचं नाही, हे फरशीच्या दोन्ही बाजूंना खांबावर लाल पट्टा ओढून दाखवा.

हाच प्रश्न पेठ, त्र्यंबक किंवा इगतपुरीकडून आला असता तर उत्तर वेगळं असतं. तिथे पाऊस कैकपट, जमीन तांबडी आणि वाट चढाची. तिथली वाट साचलेल्या पाण्याने मोडत नाही, धावणाऱ्या पाण्याने मोडते. तिथे वाटेवर तिरके आडवे दगड गाडावे लागतात, दोनतृतीयांश जमिनीत आणि चारेक इंच वर. शंभर फुटांत दहा फूट चढ असेल तर दर २०–२५ मीटरला एक, पंधरा फूट असेल तर दर १५ मीटरला. दगडांची ओळ वाटेला काटकोनात लावली की मागे गाळ साठून ती बुजते, ४५ अंशांच्या आसपास तिरकी असली की पाणी स्वतःच गाळ ढकलत नेतं. आणि ओळीचं टोक वाटेच्या कडेबाहेर निदान तीन-चार फूट गेलं पाहिजे, नाहीतर बाहेर काढलेलं पाणी दोन पावलांवर पुन्हा वाटेत शिरतं. तिकडची वाट वनखात्याच्या हद्दीतून जात असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय फावडं उचलू नका.

आता तार. वाट किती रुंद असायला हवी ते नकाशाला विचारा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून दोन नकाशे मागा, आजचा गटाचा आणि एकत्रीकरण योजनेआधीचा जुना सर्व्हेचा. गट पाडताना बऱ्याच वाटा नव्या नकाशात पुसट झाल्या, जुन्यात त्या स्पष्ट असतात. गाडीमार्ग असेल तर रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्ग असेल तर सव्वाआठ फूट धरतात. हे आकडे विचित्र वाटतील, पण ते जुन्या मोजणीच्या साखळीतून आलेत. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, चार आणे म्हणजे सव्वाआठ. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, आपला गुंठा. तेव्हा वाट कोणत्याही खात्यात असली तरी आजचे चार फूट कमीच आहेत.

तुमच्या वाटेवर जुन्या लोकांच्या बैलगाड्या जात असतील तर ती गाडीमार्ग निघण्याची शक्यता बरीच आहे. मग वर सांगितलेल्या अडीच मीटरच्या पक्क्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी चर काढूनही जागा उरते. पायमार्गच निघाला तर पक्का पट्टा पाच फुटांचा धरा, उतार एकाच बाजूला द्या आणि चरही एकच काढा. माल निम्म्याहून थोडा जास्त लागेल.

नकाशाइतकाच बोलका कागद म्हणजे खरेदीखत. त्यात मिळकतीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात. बागवाल्यांच्या किंवा त्यांना जमीन विकणाऱ्यांच्या खतात ‘पश्चिमेस पाणंद’ किंवा ‘पश्चिमेस वहिवाटीची वाट’ असे शब्द निघाले, तर वाट नव्हतीच हे म्हणायची सोय राहत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या खताची नक्कल मिळते. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ आणि पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) हे दोन रकाने बघा. ग्रामपंचायतीत नमुना २३, म्हणजे रस्त्यांची नोंदवही, उघडायला लावा. तुमची वाट त्यात नसेल तर ती चढवून घेण्याचा विषय येत्या ग्रामसभेत लेखी द्या, तोंडी नको. सरकारी कामाचा निधी मागताना पहिला प्रश्न ‘नोंद आहे का’ हाच येतो. रोजगार हमीतून आणि ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते’ या २०२१ च्या योजनेतून अशी कामं झाली आहेत. योजनांची नावं बदलतात, नोंदीची अट बदलत नाही.

अर्जाचे रस्ते तीन आहेत आणि लोक हमखास चुकीचा धरतात. वाट पूर्वीपासून चालू होती आणि आता कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. हा अर्ज तहसीलदारांकडे, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणून ती तारीख लिहून ठेवायला सांगितली. दसऱ्यानंतर तार पडली असेल तर मुदत एप्रिलच्या आसपास संपते. ‘बोलणी चालू आहेत’ म्हणत म्हणत लोक सातव्या महिन्यात अर्ज घेऊन जातात. अर्ज शाळा समितीच्या नावाने करू नका. वस्तीवरच्या ज्या शेतकऱ्यांना शेताला जायला ही वाट लागते, त्यांच्या नावाने करा. त्यात दोन्ही बाजूंचे गट क्रमांक, वाट कुठून कुठे जाते, किती रुंद होती, किती वर्षांपासून कोण वापरतं, कुठल्या दिवशी कुणी काय अडथळा केला आणि तुम्हाला नेमका काय आदेश हवा, हे सगळं लिहा. हातकागदावर नकाशा काढून जोडा. निकाल विरुद्ध गेला तर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी आहे आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे.

दुसरा रस्ता जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३. एखाद्या शेताला वाटच नाही आणि बांधावरून नवी मागायची आहे, तेव्हा तो. तुमची वाट जुनी आहे, त्यामुळे १४३ खाली अर्ज केलात तर समोरचा पहिल्या तारखेला म्हणेल की यांची वाट नव्हतीच, म्हणून नवी मागताहेत. तिसरा रस्ता ग्रामपंचायतीचा. नकाशावर सार्वजनिक वाट असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अडथळा काढायला लावण्याचा अधिकार पंचायतीला आहे, आणि तिथे शाळेचे पालक म्हणून तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. सार्वजनिक वाट अडवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हाही आहे, दंड पाच हजारांपर्यंत. पण ज्याच्या बांधाला बांध लागून जन्म काढायचा आहे त्याच्यावर फिर्याद हे शेवटचं हत्यार.

शासनाने २२ मे २०२५ च्या निर्णयात शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद ठेवायला आणि निकाल झाला की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद घ्यायला सांगितलं आहे. तुमचा निकाल किंवा तडजोड झाल्यावर ही नोंद झाली की नाही, ते तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, स्वतः जाऊन बघा. आदेश फायलीत राहतो, जमीन विकली जाते आणि नवा मालक पुन्हा तार ठोकतो.

कागद हातात आले की अर्जाआधी एकदा बागवाल्यांच्या ओट्यावर जा. दोन जुनी माणसं, नकाशाची नक्कल आणि पन्नास फुटी टेप, एवढं पुरे. ते वाईट आहेत असं धरून जाऊ नका. त्यांच्या बागेची कड वर्षानुवर्षं तुडवली गेली आहे. त्यांना दोन गोष्टी आधी सांगा. चर ओहळात जाईल, त्यांच्या बागेत पाणी येणार नाही. आणि वाट पक्की झाली की लोक बागेत शिरणार नाहीत. त्यांचा माल याच वाटेने निघत असेल तर तिसरीही सांगा. खाचखळग्यांत क्रेट आदळले की मणी गळतात, त्यात त्यांचंच नुकसान आहे. मग मागणी ठेवा : खांब नकाशाच्या हद्दीपासून बागेच्या बाजूला एक फूट आत आणि वाटेच्या बाजूला काटेरी तार नको, तिथे साधी किंवा जाळीची चालेल. काटेरी हवीच असेल तर ती खांबाच्या आतल्या अंगाला.

हद्दीवर एकमत झालं नाही तर दोघांनी मिळून सरकारी मोजणी मागा. एकट्याने मागवलेल्या मोजणीवर दुसरा हमखास हरकत घेतो.

फाटकाचं दुखणं फाटकातच मोडता येतं. माणसं फाटक लावत नाहीत, तेव्हा ते आपोआप लागेल असं करा. वरची बिजागरी खालच्यापेक्षा इंचभर बाहेर काढली की फाटक स्वतःच्या वजनाने मिटतं. किंवा दोरीला चार-पाच किलोचा दगड बांधून खांबावरच्या चाकावरून सोडा. फाटक चार फुटांचं तरी हवं. गुरं अडवायला दीड फुटाची फट ठेवा असं कुणी सुचवील, पण वैरणीचा भारा त्यातून जात नाही. कडेची घाणेरी आणि वेडी बाभूळ हस्ताचा पाऊस ओसरल्यावर काढा, डोक्यावरच्या भाऱ्यासह माणूस जाईल अशी नऊ फूट उंचीपर्यंत मोकळी. घाणेरी नुसती कापली किंवा जाळली तर दुप्पट फुटते, बुंध्याखाली मूळ तोडून उपटावी लागते. मोठ्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी लागते, हे बागवाल्यांनाही लागू आहे आणि तुम्हालाही.

नाशिकच्या रविवारच्या पाहुण्यांवर चिडू नका. माणसांचे पाय पडत राहिले की वाट जिवंत राहते आणि तहसीलदारांपुढे वापराचा पुरावाही होतो. त्यांना फक्त सांगणारं कुणी नसतं. वाटेच्या तोंडाशी डोळ्यांच्या उंचीवर एक पत्रा लावा, चारच ओळींचा : ‘गाडी शाळेच्या मैदानाजवळ लावा, ट्रॅक्टरला दहा फूट जागा लागते. फाटक जसं होतं तसं ठेवा. बांधावरून चालू नका. फवारणी चालू असेल तर थांबा, वाऱ्याची दिशा बघून पुढे जा.’ शेवटची ओळ त्यांच्या भल्याची आहे, छाटणीनंतर बागेत काय काय मारलं जातं ते शहरातल्या माणसाला माहीत नसतं. पावसाळ्यात मोटारसायकल या वाटेवर नको, हे मात्र गावातल्या पोरांनाही सांगावं लागेल. ओल्या काळ्या मातीत एका दुचाकीने पाडलेली चाकोरी शंभर माणसांच्या पावलांपेक्षा जास्त नुकसान करते. मैदानाजवळ गाड्या लावायच्या तर मुख्याध्यापकांना आधी विचारा, रविवारी मैदानाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते तेही.

पहिल्या मोठ्या पावसाला दोन माणसं फावडं घेऊन वाटेवर उभी ठेवा. पाणी चरात न जाता वाटेवर कुठून शिरतं ते त्याच तासात दिसतं, आणि दहा फावडी मातीने ते बंदही होतं. पुढे दरवर्षी मृग लागण्याआधी चराचा गाळ काढायचा. सातशे मीटरला दहा माणसांची एक सकाळ पुरते. तो गाळ उचलून शेतात टाका. चराच्या काठावर वाटेच्या बाजूने ढीग लावलात तर त्याचाच बांध होतो आणि वाटेवरचं पाणी चरात उतरत नाही.